लय सांभाळणारा, गप्प बसणारा

काकूंनी अभंगाची पहिली ओळ म्हटली आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या. कानावरचा हेडफोन थोडा सरकवून म्हणाल्या, "अरे, माझाच आवाज मला मागून येतोय. कुणीतरी पाठीमागे उभं राहून माझी नक्कल करतंय जणू. लय धरायची तरी कशी?"

शेजारच्या या काकू तीस वर्षं भजनी मंडळात गात आल्या आहेत. त्यांच्या आवाजातला तुकोबांचा एक अभंग नातवंडांसाठी नीट रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढाच आमचा बेत होता. माइक चांगला होता. भिंतीला गाद्या टेकवून खोलीचं घुमणं कमी केलं होतं. संगणक नवा कोरा होता आणि दुकानातून 'एकदम फास्ट' म्हणून आणलेला होता. तरीही तीस वर्षांत न हललेली काकूंची लय त्याने दोन ओळींत मोडली.

मी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन 'बफर' नावाचा एक आकडा १०२४ वरून १२८ वर आणला. काकूंना त्यांचा आवाज जागच्या जागी ऐकू येऊ लागला. पण आता मधूनच 'टक्' असा बारीक आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरायला लागला. वाय-फाय बंद केल्यावर तो गेला. अखेर एक टेक मनासारखा झाला, म्हणून आम्ही तो ऐकायला बसलो. शेवटच्या ओळीत काकूंचा स्वर विरत जातो, आणि तो जिथे संपतो तिथे संगणकाच्या पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू आली.

त्या संध्याकाळी संगणक वेगात कुठेच कमी पडला नव्हता. तो वेळ पाळत नव्हता आणि गप्प बसत नव्हता. घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी संगणक घेताना या दोन गोष्टी आधी बघायच्या असतात, आणि जाहिरातीच्या कागदावर या दोन्हींचा उल्लेख नसतो. साथीला तबलजी निवडताना आपण काय बघतो? तो किती द्रुत वाजवतो हे नंतर. आधी ठेका स्थिर आहे का, समेवर नेमका येतो का, गाणाऱ्यावर चढत नाही ना, हे बघतो. संगणकही साथीलाच बसणार आहे. त्याला हीच कसोटी लावायची, आणि ती कशी लावायची ते या प्रकरणात पाहू.

स्टुडिओ घरी आला तो असा

१९६७ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम लंडनच्या ईएमआय स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर झाला. चार ट्रॅक म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवता येतील असे चारच आवाज. पाचवा हवा असेल तर आधीचे चार एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि जागा मोकळी करायची. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने 'टास्कॅम पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणलं आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरीच रेकॉर्ड करण्याची सोय झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम अशाच यंत्रावर घरात रेकॉर्ड झालेला आहे. १९८३ मध्ये मिडी ही पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९८५ च्या 'अटारी एसटी' या घरगुती संगणकाला मिडीची जोडणी मुळातच होती, त्यामुळे संगीतकारांच्या टेबलावर संगणकाला कायमची जागा मिळाली.

आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या आवारात उभारलेल्या 'पंचतन' स्टुडिओने हीच वाट दाखवली. १९९२ च्या 'रोजा'पासून त्या घरच्या स्टुडिओचा नाद देशभर पोचला. आणि २०१९ मध्ये बिली आयलिशचा पहिला अल्बम तिच्या भावाच्या, फिनिअसच्या, लॉस एंजेलिसमधल्या झोपायच्या खोलीत तयार झाला. पुढच्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

आज कुठलाही बरा लॅपटॉप चारच काय, चाळीस ट्रॅक सहज वाजवतो. म्हणजे ताकदीचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटलेला आहे. उरला आहे तो वळणाचा प्रश्न.

पाच मिनिटांत लाखावर वेळा सम

माइक आवाजाच्या लाटेची विजेची लाट करतो. ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी, जिला बरेच जण साउंड कार्डच म्हणतात, त्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाला देते. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तितक्या उंच स्वराची लाट पुन्हा उभी करायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजणी करावी लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या आणि चित्रपट-व्हिडिओसाठी ४८,००० रूढ झाल्या.

आता पंगतीतला वाढपी डोळ्यांसमोर आणा. तो एकेक पोळी घेऊन धावला तर त्याच्या फेऱ्या संपणार नाहीत. पोळ्यांची मोठी चळत घेऊन निघाला तर फेऱ्या कमी होतील, पण चळत जमेपर्यंत पानावरचा माणूस खोळंबेल. संगणकही आकडे एकेक करून घेत नाही, चळत करून घेतो. त्या चळतीचं नाव बफर. १०२४ चा बफर म्हणजे १०२४ आकडे जमल्यावर एक फेरी. सेकंदाला ४८,००० आकडे येत असतील तर ही चळत जमायला २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एकदा आणि हेडफोनकडे परत जाताना एकदा, अशी ही वाट दोनदा पाहावी लागते. झाले सुमारे ४३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात हवेतून आवाज जवळजवळ १५ मीटर जातो. काकू जणू मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या कर्ण्यातून स्वतःला ऐकत होत्या. रेकॉर्डिस्ट याला लेटन्सी म्हणतात.

१२८ चा बफर ठेवला की एका चळतीला फक्त २.६७ मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन आणि इंटरफेसचा स्वतःचा वेळ धरून एकूण उशीर सहसा दहा मिलिसेकंदांच्या आत राहतो. तबलजीपासून तीन मीटरवर बसून गावं, तितकाच. एवढा उशीर गायकाला सहसा जाणवत नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते. १२८ च्या बफरवर संगणकाला सेकंदाला ३७५ फेऱ्या माराव्या लागतात. पाच मिनिटांच्या गाण्यात १,१२,५०० फेऱ्या झाल्या. त्यातली प्रत्येक २.६७ मिलिसेकंदांच्या आत पुरी व्हायला हवी. एक जरी चुकली तरी तिथे आवाजाचा धागा तुटतो आणि 'टक्' ऐकू येतं. पाच मिनिटांत १,१२,५०० वेळा सम आणि एकदाही चुकायची मुभा नाही, असं हे काम आहे.

'फास्ट' या शब्दाने इथे फसगत होते ती यामुळेच. दुकानात दाखवले जाणारे वेगाचे आकडे सरासरीचे असतात. व्हिडिओ तयार करताना संगणक मध्येच अर्धा सेकंद अडखळला तर कुणाला कळत नाही, काम अर्धा सेकंद उशिरा संपतं इतकंच. रेकॉर्डिंगमध्ये सरासरीला अर्थ नाही. सगळ्यात वाईट क्षणी संगणक कसा वागतो, त्यावर सारं ठरतं. तो वाईट क्षण बहुधा संगीताबाहेरच्या गोष्टी आणतात. वाय-फाय किंवा ब्लूटूथचा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर धरून ठेवतो, अँटिव्हायरसला तेव्हाच तपासणी आठवते, वीज वाचवायची म्हणून प्रोसेसर आपला वेग उतरवतो. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. तो दहा मिनिटं चालू ठेवला की कोणता ड्रायव्हर अडवणूक करतो ते नावानिशी कळतं. नवीन संगणक घरी आल्यावर पहिलं काम हेच करावं.

यावर एक साधी पळवाटही आहे आणि ती कमी ताकदीच्या संगणकावर फार उपयोगी पडते. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं. ते दाबलं की गायकाचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला मिळतो. मग बफर १०२४ असला तरी हरकत नाही. कानात थोडा घुमारा हवा असेल तर फक्त तो संगणकाकडून घ्यावा. घुमारा मुळातच मूळ स्वरामागून येतो, त्यामुळे त्याला चाळीस मिलिसेकंद उशीर झाला तरी खटकत नाही.

प्रोसेसर: थोडे, पण जलद हात

एका ट्रॅकवरचं काम साखळीसारखं असतं. आधी ईक्यू नको ते स्वर कापतो, मग कॉम्प्रेसर चढउतार आवरतो, शेवटी रिव्हर्ब घुमारा देतो. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. त्यामुळे एका ट्रॅकची अशी साखळी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर, म्हणजे कोअरवर, चालते. वेगवेगळे ट्रॅक मात्र वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटून देता येतात. म्हणून आधी बघायचं ते एकेका कोअरची चपळाई आणि नंतर कोअरची संख्या. मधल्या दर्जाचे अलीकडचे प्रोसेसर, म्हणजे इंटेलचा आय-५ किंवा त्याच्या जोडीचा, एएमडीचा रायझन ५, ॲपलचा एम मालिकेतला कुठलाही, घरच्या रेकॉर्डिंगला पुरून उरतात.

लॅपटॉपवर 'आय-७' लिहिलं आहे म्हणून लगेच भुलू नये. तो कितव्या पिढीचा आहे आणि कोणत्या अंगात बसवला आहे, हे तितकंच महत्त्वाचं. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला वाव नसतो. दहा मिनिटं जोराचं काम झालं की प्रोसेसर तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. थोड्या जाड, हवा खेळणाऱ्या लॅपटॉपमधला आय-५ अशा वेळी शेवटपर्यंत टिकतो.

ग्राफिक्स कार्डावर मात्र एक रुपयाही जास्त घालू नये. संगीताच्या नेहमीच्या कामात त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि खेळांसाठी बनवलेल्या संगणकात तेच सर्वांत जास्त तापतं आणि सर्वांत जास्त पंखे फिरवतं. तिथले वाचलेले पैसे मेमरीला लावावेत.

मेमरी आणि डिस्क: हिशोब मांडून बघू

घरात भजनाचं रेकॉर्डिंग करायचं आहे असं धरू. गायकाला एक माइक, पेटीला एक, तबल्याला आणि डग्ग्याला एकेक, टाळांना एक, तानपुऱ्याला एक. सहा ट्रॅक झाले. सेकंदाला ४८,००० मोजण्या आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांची, म्हणजे तीन बाइटची. एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, मिनिटाला सुमारे ८.६ एमबी. सहा ट्रॅकना मिनिटाला साधारण ५२ एमबी. आठ मिनिटांच्या भजनाचे पाच टेक घेतले तर दोन जीबी.

या हिशोबातून दोन गोष्टी कळतात. पहिली ही की सहा ट्रॅक लिहून घ्यायला सेकंदाला एक एमबीसुद्धा लागत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबी लिहू शकते. तेव्हा रेकॉर्डिंगसाठी अतिवेगवान एसएसडी लागते ही समजूत चुकीची आहे. एसएसडी घ्यावीच, पण ती आवाज करत नाही, धक्क्याने बिघडत नाही आणि सॉफ्टवेअर पटकन उघडते म्हणून. दुसरी गोष्ट ही की जागा मात्र भराभर संपते. २५६ जीबीतली बरीच जागा विंडोज आणि सॉफ्टवेअरच खाऊन टाकतात. ५१२ जीबीची डिस्क आत आणि जुन्या कामासाठी एक बाहेरची, अशी जोडी व्यवहार्य ठरते.

मेमरीचा, म्हणजे रॅमचा, हिशोब वेगळा आहे. नुसतं गाणं आणि वाद्यं रेकॉर्ड करणाऱ्याला आठ जीबी रॅम चालून जाते, सोळा असली तर निश्चिंती. पण संगणकातलीच वाद्यं वाजवणाऱ्या अरेंजरची गोष्ट निराळी. सॉफ्टवेअरमधला एक पियानो घ्या. त्याच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हळू ते जोरात अशा दहा तऱ्हांनी दाबून रेकॉर्ड केलेली, प्रत्येक नमुना वीस सेकंदांचा आणि स्टिरिओ. ४४,१०० मोजण्यांच्या हिशोबाने एकट्या पियानोचे साडेचार जीबीहून जास्त झाले. त्यात व्हायोलिनचा ताफा, बासरी, ढोलकी, सतार आली की आकडा कुठे जाईल ते बघा. हे सगळं एकदम रॅममध्ये भरत नाहीत. प्रत्येक नमुन्याचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि पट्टी दाबल्यावर उरलेला भाग डिस्कवरून ओढून आणतात. वेगवान एसएसडीचं खरं काम इथे आहे. अशा अरेंजरने सोळापासून सुरुवात करावी आणि मोठा वाद्यवृंद उभा करायचा असेल तर ३२ जीबी घ्यावी.

घेतानाच विचारायचा एक प्रश्न: रॅम नंतर वाढवता येते का? टेबलावरच्या संगणकात आणि काही लॅपटॉपमध्ये ती वाढवता येते. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर पक्की डाख दिलेली असते. ॲपलच्या एम मालिकेच्या संगणकांत तर ती वाढवताच येत नाही. तिथे पुढच्या पाच वर्षांचा विचार आजच करावा लागतो.

गप्प बसण्याची किंमत

एप्रिल-मे महिना, दुपारची वेळ. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद. छताचा पंखा माइकमध्ये येतो म्हणून तोही बंद. खोली तापत जाते, गायक घामाघूम होतो आणि संगणकही तापतो. मग त्याचा पंखा जोरात फिरू लागतो, नेमका टेक चांगला रंगात आलेला असताना. आपल्या हवेत घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलेलं आहे.

एरवी आपल्याला न ऐकू येणारी ही घरघर रेकॉर्डिंगमध्ये मोठी होते, त्याला कारणं आहेत. कॉम्प्रेसर मोठे स्वर दाबतो आणि मग सगळ्याचीच पातळी उचलतो. आवाज दहा डेसिबलने उचलला तर दोन ओळींमधली शांतताही दहा डेसिबलने उचलली जाते, आणि तिच्यात दबून बसलेला पंखा वर येतो. शिवाय सहा वाद्यं एकामागून एक त्याच खोलीत रेकॉर्ड केली, तर एकाच पंख्याची घरघर सहा थरांत बसते. त्या सहा थरांची बेरीज एका थरापेक्षा सुमारे आठ डेसिबलने मोठी होते.

म्हणून संगणक निवडताना पंखा हा निकष वरच्या ओळीत ठेवावा. २०२० च्या शेवटी आलेल्या एम-१ पासून ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. विंडोजच्या बाजूलाही पंखा नसलेले किंवा अगदी मंद फिरणारे संगणक मिळतात. टेबलावरचा संगणक जुळवून घेणार असाल तर पंखा जितका मोठ्या व्यासाचा, तितकी तेवढीच हवा तो सावकाश फिरून ढकलतो आणि आवाज कमी होतो.

घरात आधीच असलेला संगणक आवाज करणारा असेल तर त्याला दूर न्यावं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दूर नेताना यूएसबीची वायर लांबवू नये. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा पाच मीटर आहे. माइकची तीन तारांची केबल मात्र वीस मीटर लांब असली तरी कुरकुर करत नाही. संगणक आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवून माइकची केबल दाराखालून ओढून घेणं हा सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय आहे. एकाच खोलीत राहावं लागलं तर माइकची पाठ संगणकाकडे असू द्यावी. गायनासाठी वापरले जाणारे कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतात. आणि माइकचा स्टँड संगणकाच्याच टेबलावर कधी ठेवू नये, टेबलाची थरथर स्टँडमधून वर चढते.

वीज आणि पांढरी पाच

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. अर्थिंग नीट नसेल तर ती गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. पेटीवर पांढरी पाच वाजवा. तिचा खर्जातला स्वर ९८ हर्ट्झचा, आणि त्याखालचा ४९ चा. म्हणजे विजेची गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर, शेजारच्या पट्टीकडे साधारण एक तृतीयांश अंतर सरकून बसते. पांढरी पाचात गाणाऱ्याच्या षड्जाशी आणि पांढरी एकात गाणाऱ्याच्या पंचमाशी ती भांडते. गाणाऱ्याला 'तानपुरा नीट लागत नाही' असं वाटत राहतं आणि दोष तारांवर जातो.

लॅपटॉप असेल तर याची परीक्षा एका मिनिटात होते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे. तीन पिनांचा चार्जर, नीट अर्थिंग असलेला सॉकेट आणि सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागतं. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो ऐकू नये, तिथे जिवाशी गाठ आहे.

जिथे वीज दिवसातून दोनदा जाते अशा गावात लॅपटॉपचा मोठा फायदा हा की मध्येच वीज गेली तरी टेक वाया जात नाही. इंटरफेसही यूएसबीवरूनच वीज घेणारा असेल तर सगळा संसार बॅटरीवर चालतो. टेबलावरचा संगणक घेणाऱ्याने यूपीएसची किंमत पहिल्याच दिवशी हिशोबात धरावी.

विंडोज, मॅक की लिनक्स?

यावर कट्ट्यांवर रात्री जागवल्या गेल्या आहेत, पण मुद्दा थोडक्यात सांगता येतो. मॅकमध्ये आवाजाची व्यवस्था, 'कोअर ऑडिओ', संगणकाबरोबरच येते आणि सहसा पहिल्या दिवसापासून नीट चालते. 'गॅरेजबँड' मोफत मिळतं आणि पुढे 'लॉजिक प्रो'कडे जाता येतं. विंडोजमध्ये त्याच किमतीत जास्त रॅम, जास्त जागा आणि दुरुस्तीची सोय मिळते. पण तिथे इंटरफेसच्या कंपनीने दिलेला 'एएसआयओ' ड्रायव्हर घालणं अत्यावश्यक आहे. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९० च्या दशकात काढलेली ही पद्धत विंडोजची नेहमीची लांबची वाट टाळून आवाज थेट पोचवते. लिनक्सवर 'आर्डर'सारखं उत्तम सॉफ्टवेअर आहे आणि जुन्या संगणकाला त्यावर नवं आयुष्य मिळतं, मात्र स्वतः खटपट करायची तयारी हवी.

सॉफ्टवेअर आधी ठरवावं आणि संगणक मागून. 'लॉजिक' विंडोज किंवा लिनक्सवर चालत नाही. 'रीपर' तिन्हीकडे चालतं, जुन्या संगणकालाही झेपतं आणि ६० दिवस वापरून बघता येतं. नुसतं एक गाणं किंवा कथावाचन नोंदवायचं असेल तर मोफत 'ऑडॅसिटी' पुरतं.

तुमचं काम काय?

गायन, कीर्तन, एखादं वाद्य, कथावाचन एवढंच करणार असाल तर घरात असलेला पाच-सहा वर्षांचा संगणक बहुधा पुरेसा आहे. नव्या संगणकाचे पैसे आधी चांगला माइक, इंटरफेस आणि गाद्या-पडद्यांवर घाला. डायरेक्ट मॉनिटरचं बटण तुमच्या कामी येईल.

संगणकातल्या वाद्यांनी गाणी सजवणारे असाल तर चपळ प्रोसेसर, सोळा ते ३२ जीबी रॅम आणि मोठी एसएसडी, या क्रमाने खर्च करा. एका जागी बसून काम होणार असेल तर टेबलावरचा संगणक घ्या. त्याच पैशांत ताकद जास्त मिळते आणि तो थंड राहतो. प्रोसेसर दमायला लागला तर बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक 'फ्रीझ' करण्याची सोय असते. तो ट्रॅक तात्पुरता तयार आवाजात बदलतो आणि प्रोसेसर मोकळा होतो.

देवळात, सभागृहात, मित्राच्या घरी जाऊन रेकॉर्ड करणारे असाल तर बॅटरी टिकणारा लॅपटॉप आणि मजबूत यूएसबीच्या जागा बघा. हबवर भिस्त ठेवू नका, इंटरफेस थेट लॅपटॉपलाच जोडा.

जुना घेण्यातही कमीपणा नाही. कार्यालयांतून निघालेले चांगल्या बांधणीचे लॅपटॉप पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. एक दक्षता घ्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा स्वस्त मिळाला तर तो लिनक्ससाठीच घ्यावा.

परत करण्याची मुदत असेपर्यंत

दुकानात आवाजाची परीक्षा होत नाही, तिथे आधीच गोंगाट असतो. म्हणून परत करण्याची मुदत किती ते विचारून घ्या आणि घरी पहिल्याच रात्री, सगळं निजल्यावर, एक तास काढा. बफर १२८ वर ठेवा, नेहमी वापराल तितके ट्रॅक आणि प्लगइन, म्हणजे ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्बसारखी साधनं, भरा आणि वीस मिनिटं सलग वाजवत ठेवा. प्रोसेसर तापला की खरं रूप दिसतं. 'टक्' किती वेळा आलं ते मोजा. वाय-फाय बंद करून पुन्हा मोजा. मग माइक गाण्याच्या जागी ठेवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ती आवाज वाढवून ऐका. त्या एका मिनिटात जे ऐकू येईल, ते पुढे तुमच्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी असणार आहे.

काकूंचा अभंग आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड केला. संगणक मागच्या खोलीत, वाय-फाय बंद, दाराखालून माइकची केबल. यावेळी त्या एकदाही थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीचा स्वर विरला आणि त्यामागे एक अंगणभर शांतता रेकॉर्ड झाली, दूरवरच्या एका कावळ्यासकट. काकूंनी ती तीनदा ऐकली. मग हेडफोन खाली ठेवून म्हणाल्या, "काल तो डबा इथेच होता ना? आज कुठे गेला?"